निळ्या पडद्यापुढचा निवाडा

२०१८ सालच्या पावसाळ्यातील ही हकिगत आहे. आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक संगणक होता. संगणक तसा जुना. 'विंडोज ७' ही प्रणाली घेऊन तो आला आणि २०१६ साली, फुकट मिळते आहे म्हणून, आम्ही त्याच्यावर 'विंडोज १०' चढविली. सकाळी मी त्यावर माझा पत्रव्यवहार करीत असे. दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दाखले, नोंदी, सूचनापत्रके हे सारे काम एक तरुण मुलगी पाहत असे. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

जूनच्या अखेरीस हा संगणक मध्येच कोसळू लागला. काम चालू असताना पडदा एकाएकी निळा होई, त्यावर एक रडवे तोंड आणि इंग्रजीतील चार ओळी उमटत आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. टंकलेले जे जतन केलेले नसेल ते गेले. कधी आठवड्यातून दोनदा, कधी दहा-दहा दिवस काहीच नाही. माझ्या सकाळच्या कामात मात्र हे एकदाही घडले नाही. घडे ते तिच्याच हातून, आणि बहुधा दुपारी.

ती आपल्या धाकट्या भावाच्या अभ्यासाचे कागद छापण्यासाठी कधीमधी पेन ड्राइव्ह आणीत असे, हे मला ठाऊक होते. माझा तर्क तेथेच थांबला. मी तिला पेन ड्राइव्ह आणण्यास मनाई केली. ती मुकाट्याने थांबली, पण कोसळणे थांबले नाही. तेव्हा मी असे धरून चाललो की ती माझ्या माघारी काहीतरी करीत असावी. मी तिला तसे बोलूनही दाखविले. तिने एवढेच सांगितले, "फादर, मी काही केलेलं नाही." ऑगस्टमध्ये मी तिला संगणकावरून उठविले आणि नोंदवह्यांच्या हस्तलिखित कामाला लावले. त्यानंतर काय झाले असावे? संगणक कोसळण्याचा थांबला. एक महिना गेला, दोन गेले, निळा पडदा म्हणून दिसला नाही. माझी खात्री पटली. दिवाळीच्या आधी तिने काम सोडले आणि मी तिला थांबविले नाही.

पुढील एप्रिलमध्ये विजेचे बिल पाहून मी दचकलो आणि दुपारच्या सुट्टीत संगणक चालू ठेवण्याऐवजी 'स्लीप' करून, म्हणजे निजवून, ठेवू लागलो. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या डोळ्यांदेखत कोसळला.

आता थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढील प्रश्न त्यावाचून नीट मांडता येणार नाही. 'ड्रायव्हर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चा चालक उभा राहतो. संगणकातील ड्रायव्हर हा चालकापेक्षा दुभाष्याच्या अधिक जवळचा आहे. छपाईयंत्र, ध्वनियंत्र, वाय-फायचे उपकरण यांची प्रत्येकाची बोली निराळी असते. मुख्य प्रणालीला या सगळ्या बोली येत नाहीत. म्हणून प्रत्येक उपकरणाचा निर्माता आपल्या उपकरणासाठी एक छोटी आज्ञावली लिहून देतो. ती प्रणालीचे म्हणणे उपकरणाला आणि उपकरणाचे म्हणणे प्रणालीला कळविते.

या दुभाष्याला बसण्यासाठी जी जागा दिलेली असते, तेथे खरी मेख आहे. आपण वापरतो त्या टंकलेखनाच्या किंवा हिशेबाच्या आज्ञावल्या घराच्या ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसारख्या असतात. त्यांतील एखादा वेडेवाकडे वागला तर त्याला तेवढ्याला बाहेर काढता येते. घर शाबूत राहते. पुष्कळसे ड्रायव्हर मात्र थेट माजघरात वावरतात. प्रणालीच्या गाभ्याला जे अधिकार, तेच त्यांना. प्रणाली एका कंपनीने लिहिलेली आणि ड्रायव्हर जगभरच्या शेकडो लहानमोठ्या कंपन्यांनी लिहिलेले, असा हा संसार आहे. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 'लिनक्स' प्रणालीच्या गाभ्याची तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरांच्या मजकुरात चुकांचे प्रमाण उर्वरित भागाच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'विंडोज एक्सपी'च्या त्या काळी नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे झाल्याचे नमूद आहे.

आणि तो निळा पडदा? आपण त्याला मृत्यू समजतो, पण खरे पाहता ती प्रणालीने जाणूनबुजून घेतलेली माघार असते. माजघरात काहीतरी बिघडले आहे, कोणत्या कागदावर भरवसा ठेवावा हे आता सांगता येत नाही, अशा अवस्थेत काम रेटले तर चुकीच्या गोष्टी कायमच्या तबकडीवर लिहिल्या जातील. त्यापेक्षा थांबलेले बरे, असा तो निर्णय असतो. थांबण्यापूर्वी ती त्या क्षणाची टिपणी करून ठेवते आणि कारणाचे नावही पडद्यावर लिहिते. (२०२५ साली या पडद्याचा निळा रंग जाऊन काळा आला आणि रडवे तोंडही गेले, टिपणी मात्र पूर्वीसारखीच राहते.)

संगणक दुरुस्त करणारा तरुण आला, त्याने ही टिपणी उघडली आणि अर्ध्या तासात उलगडा केला. संगणकाला वाय-फायसाठी एक बोटभर लांबीचे उपकरण, ज्याला 'डोंगल' म्हणतात, जोडलेले होते. त्याचा ड्रायव्हर २००९ सालचा होता. संगणक निजवायचा असला म्हणजे प्रणाली प्रत्येक ड्रायव्हरला तसे कळविते, उठवितानाही कळविते, आणि प्रत्येकाने ठरावीक वेळात 'झाले' असे उत्तर द्यावयाचे असते. हा जुना ड्रायव्हर कधीकधी उत्तरच देत नसे. प्रणाली काही मिनिटे वाट पाही आणि मग सारे थांबवी. त्या मुलीला वीज वाया घालविण्याचा कंटाळा होता. घरी जेवायला जाताना ती न चुकता संगणक निजवून जाई, परत येऊन उठवी, दोन ओळी टंकी आणि तेवढ्यात तो कोसळे. मी सकाळी तो सुरू करी आणि चालूच सोडून उठे. तिला संगणकावरून उठविल्यावर त्याला निजविणारे कोणीच उरले नाही, म्हणून त्याचे कोसळणे थांबले.

माझी खात्री ज्या पुराव्याने पटली होती, तो पुरावा खोटा नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ती असताना बिघाड, ती नसताना बिघाड नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांतील 'भेदाची पद्धत' हीच. दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे असावेत, फरक एकाच गोष्टीचा असावा. मग तो फरक म्हणजेच कारण किंवा कारणाचा भाग. सेमिनरीत असताना मी ही पद्धत पाठ केली होती. पण माणूस ही एक गोष्ट नव्हे. माणूस उठून जातो तेव्हा त्याच्या पन्नास सवयी त्याच्याबरोबर जातात. मी एक फरक केला असे मला वाटले. प्रत्यक्षात पन्नास केले होते, आणि त्यांतील एक सवय, तीही तिची चांगली सवय, या साऱ्याच्या मुळाशी होती. तो तरुण मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलत होता. हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा आहे, असे तो म्हणाला.

आपल्याकडील न्यायशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. मडके घडण्यापूर्वी कुंभाराच्या दारी काय काय असते? माती असते, चाक असते आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. गाढव दर वेळी मडक्याच्या आधी हजर असले म्हणून ते मडक्याचे कारण ठरत नाही. नैयायिक त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आमच्या खेड्यातील म्हणीत हेच कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्याने सांगितले आहे. अॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या दुसऱ्या भागात बाजाराचे उदाहरण घेतले आहे: एक माणूस आपल्या कामासाठी बाजारात जातो आणि त्याला त्याचा ऋणको भेटतो. दोघेही आपापल्या हेतूने आलेले. भेट मात्र कोणाच्याच हेतूत नव्हती. योगायोग म्हणजे कारणांचा अभाव नव्हे, दोन कारणमालिकांनी एकमेकींना छेद देणे होय. संगणक 'उगाचच' कोसळतो असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा असाच छेद घडलेला असतो. एका केंद्रकाच्या संगणकासाठी लिहिलेले काही ड्रायव्हर वर्षानुवर्षे विनातक्रार चालले. पुढे एकाच वेळी दोन कामे खरोखर करणारी यंत्रे आली आणि त्यांच्यातील मूळचीच उणीव उघडी पडली. दोन हात एकाच वेळी एकाच कागदावर लिहू लागतील, हे त्यांच्या कर्त्याने गृहीतच धरले नव्हते.

याहून एक विचित्र प्रकार आहे. काही ड्रायव्हर स्वतःच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत काहीतरी लिहून मोकळे होतात. त्या क्षणी काहीच घडत नाही. मग काही वेळाने दुसरीच एखादी निरपराध आज्ञावली ती जागा वाचायला जाते आणि कोसळते. पडद्यावर किंवा टिपणीत नाव येते ते तिचे! चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. म्हणूनच 'विंडोज'मध्ये 'ड्रायव्हर व्हेरिफायर' नावाची एक सोय ठेवलेली आहे. ती संशयित ड्रायव्हराच्या भोवती अशी कुंपणे घालते की हद्द ओलांडताना तो जागच्या जागी सापडावा. तंत्रज्ञांना हे कळलेले आहे की जो पडला तो पाडणारा असेलच असे नाही. हे माणसांच्या बाबतीत कळायला आम्हांला एवढा वेळ का लागावा?

कधीमधीच उद्भवणाऱ्या दोषाची आणखी एक व्यथा आहे. तक्रार करणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. तंत्रज्ञ आला की यंत्र शहाण्यासारखे वागते आणि तक्रारदार खोटा पडतो. याचे सर्वांत दारुण उदाहरण ड्रायव्हराचे नाही, परंतु जातकुळी तीच आहे. 'थेरॅक-२५' हे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनडात बनलेले संगणकचालित यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली. मार्च १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टायलर या गावी, एका रुग्णाला उपचारादरम्यान तीव्र झटका बसला. अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले, त्यांना दोष पुन्हा घडविता आला नाही. जादा मात्रा जाणे शक्यच नाही असा त्यांचा निर्वाळा होता. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला दुसरा रुग्ण भाजला. पुढे दोघेही दगावले. त्यानंतर त्या रुग्णालयाचा भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालविणारी कर्मचारी असे दोघे यंत्रापुढे बसले आणि तिने त्या दिवशी केलेल्या क्रिया पुन्हा पुन्हा करीत राहिले. अखेर उलगडले. रोजच्या सरावाने तिचा टंकण्याचा हात इतका वेगवान झाला होता की चुकलेले अक्षर ती काही सेकंदांत दुरुस्त करी आणि तेवढ्या अवधीत यंत्राच्या अंतर्गत दोन कामांची गाठ चुके. सावकाश टंकणाऱ्यांना तो दोष दिसणे शक्य नव्हते. आधीच्या 'थेरॅक-२०' यंत्रातही तीच चूक होती. पण तेथे धोका अडविणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था असल्यामुळे ती कोणाला बाधली नाही.

तिचे कौशल्यच दोष उघडा करण्यास कारण झाले, आणि त्या भौतिकतज्ज्ञाचा मोठेपणा हा की त्याने तिला 'तू काय चुकलीस' असे न विचारता 'तू काय करीत होतीस' असे विचारले. या दोन प्रश्नांमधील अंतराविषयी मी पुष्कळ विचार केला आहे.

मग दोष कोणाचा? डोंगलच्या त्या ड्रायव्हराचा, असे म्हणून सुटका होत नाही. २००९ साली तो लिहिला गेला तेव्हा 'विंडोज १०' अस्तित्वातच नव्हती. त्याने आपला शब्द मोडला नाही; भोवतालच्या घराचे नियम बदलले आणि त्याला कोणी ते सांगितले नाहीत. जो जागच्या जागी उभा राहिला तो काळाच्या ओघात चुकीचा ठरला, याला अपराध म्हणावे काय? माझ्या मते नाही. स्वतःहून बदलणे ज्याच्या हाती नाही त्याला जुनाटपणाबद्दल दोषी धरता येत नाही. दोष त्याच्यावर माजघर सोपवून नंतर त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्याचा. डोंगल एका हितचिंतकाकडून आणून मीच बसविले होते. प्रणाली बदलताना 'उपकरणांचेही पाहून घ्या' असे एकाने सुचविले होते, ते खर्च वाचावा म्हणून मीच टाळले होते.

येथे कोणी म्हणेल, तर मग सारे नित्य नवे करीत राहावे, झाले. तितके सोपे ते नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीसाठी एक ताजी माहिती-फाइल जगभर पाठविली गेली. माजघरात बसणारा तिचा ड्रायव्हर वीस रकान्यांची अपेक्षा करीत होता. एकविसावा रकाना वाचण्याचा प्रसंग येताच तो हद्दीबाहेर गेला. 'मायक्रोसॉफ्ट'च्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. विमाने जमिनीवर राहिली, रुग्णालयांची कामे खोळंबली. ती फाइल काही जुनी नव्हती, काही तासांचीही नव्हती! आणि जुनी तारीख म्हणजे जुना माल, असेही समजू नये. 'विंडोज'बरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कित्येक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम घातलेली असते, जेणेकरून निर्मात्याचा ड्रायव्हर असेल तर त्याला अग्रक्रम मिळावा. तारीख पाहून अपराधी ठरविणारा तेथे फसतो. ड्रायव्हरावर असलेली स्वाक्षरी तो कोणी पाठविला एवढे सांगते. तो बिनचूक आहे, याची ती हमी नव्हे.

थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'मध्ये संशयावरून निवाडा करण्याविषयी एक प्रकरण आहे. विद्यार्थिदशेत ते मी परीक्षेपुरते वाचले होते. त्या एप्रिलनंतर पुन्हा काढून वाचले. त्यात एक भेद केलेला आहे, तो पूर्वी माझ्या नजरेतून निसटला होता. वस्तूंविषयी निवाडा करणे निराळे आणि माणसांविषयी करणे निराळे. वस्तूविषयी आपले मत काहीही झाले तरी वस्तूचे काही बिघडत नाही. म्हणून तेथे केवळ सत्य काय एवढेच पाहावे. माणसाविषयी वाईट मत बनविले की त्याची अप्रतिष्ठा त्याच क्षणी होऊन चुकते; म्हणून तेथे संशय असेल तर चांगल्या बाजूने कौल द्यावा. असे करणारा अधिक वेळा फसेल, हा आक्षेपही त्यांनी विचारात घेतला आहे. दुर्जनाविषयी चांगले मत धरून अनेकदा फसणे हे सज्जनाविषयी वाईट मत धरून क्वचित फसण्यापेक्षा बरे, असे त्यांचे उत्तर आहे.

संगणक दुरुस्त करणारा तो तरुण नकळत हाच विवेक पाळीत होता. त्याने स्मृतीवर संशय घेतला, तबकडीवर घेतला, प्रत्येक ड्रायव्हरावर घेतला. ज्याच्यावर संशय घेतला त्याला त्याचे सुखदुःख नव्हते. मी नेमके उलट केले. यंत्राला निर्दोष धरले, कारण यंत्र मला समजत नव्हते. आणि मुलीला दोषी धरले, कारण ती समोर होती. संशय फुकट घेता येईल अशा शंभर जागा असताना, ज्या एका जागी त्याची किंमत पडते तेथेच मी तो घेतला.

डोंगलच्या निर्मात्याने 'विंडोज ७'च्या पुढे नवा ड्रायव्हर काढलाच नव्हता. तेव्हा ते उपकरणच काढून नवे बसविले. सहाशे रुपये पडले.

मे महिन्यात मी तिच्या घरी गेलो. तिला दुसरीकडे काम मिळाले होते. जे घडले ते मी तिच्या आईसमोर सांगितले आणि चूक माझी होती हेही सांगितले. तिने ऐकून घेतले. मग आतून मोबाइल आणून त्यातील एक छायाचित्र मला दाखविले. आमच्या कार्यालयातील संगणकाचा निळा पडदा, जुलैतील तारखेचा. तळाच्या ओळीत इंग्रजीत लिहिले होते: ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर.

"हे मला तेव्हाच का नाही दाखवलंस?" मी विचारले.

"दाखवायलाच काढला होता, फादर," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाही."